चरख्याला हार नको, तेल घाल

वर्धा

चि. सोनीस,


तुझं पत्र पोचलं. नोकरी सोडून सासरच्या गावी, यवतमाळकडे, बायकांसाठी चरखा-केंद्र काढायचं म्हणतेस. त्या सुताचं कापड विणून घ्यायचं, कुर्ते शिवायचे आणि पुण्यात विकायचे, असा तुझा बेत. पेटीचरखा तर घेऊनही ठेवलास. त्याला झेंडूचा हार घालून काढलेला फोटो तुझ्या आईने मला दाखवला. "आत्या, तू जन्म खादीत काढलास, चार गोष्टी सांग," असं लिहिलंस, म्हणून सांगते. कडू लागल्या तर एक दिवस पत्र बाजूला ठेव आणि मग पुन्हा वाच.

पहिली गोष्ट, तो हार काढ आणि चातीला, म्हणजे धागा पिळणाऱ्या त्या लोखंडी सळईला, दोन थेंब तेल घाल.

चरखा हे औजार आहे. वखर, माग, शिवणयंत्र यांच्या पंगतीतलं. आपण त्याला त्या पंगतीतून उठवून देव्हाऱ्यात बसवलं आणि तिथेच त्याचा घात झाला. दोन ऑक्टोबरला पाहुणे येतात, कॅमेऱ्यापुरतं चाक फिरवतात. धागा निघतो की नुसतीच चाती घरघरते, हे कोणी पाहत नाही. देवाला कोणी विचारत नाही की तू आज किती काम केलंस. औजाराला रोज विचारावं लागतं. मला तुला जे काही सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं पत्र म्हणजे त्याचा तपशील.

आता कातायला बस. पण पेटीचरखा आधी मिटून ठेव आणि टकळी घे. टकळीवर वेग नसतो, त्यामुळे बोटांना पीळ म्हणजे काय ते कळतं. कापसाचा तंतू इंचभर लांबीचा, आपल्या जुन्या देशी वाणांचा तर त्याहून आखूड. असे आखूड तंतू एकमेकांना धरून राहतात ते केवळ पिळामुळे. पीळ कमी पडला तर धागा हातात सुटून येतो. जास्त झाला तर तो स्वतःभोवती वळून गाठी मारतो. हे दोन्ही बोटांना कळलं, की मग चरखा उघड.

पिंजलेल्या रुईचा पेळू डाव्या हातात चिमणीचं पिल्लू धरावं तसा धर. दाबलास तर तंतू सरकणार नाहीत, सैल सोडलास तर एकदम पुंजका येईल. उजव्या हाताने मोठं चाक फिरव. धागा चातीच्या टोकाशी तिरका ठेवलास, की चातीच्या प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि त्यात एक पीळ चढतो. हात मागे मागे ने, दोनेक फूट. तिथे थांबून थोडा जादा पीळ दे. मग चाक जरासं उलटं फिरवून टोकावरची वेटोळी सोडव, धागा चातीशी काटकोनात आण आणि चातीवर जमणाऱ्या कुकडीवर गुंडाळून घे. ओढ, पीळ, उलट फेरा, गुंडाळणी. एवढंच आहे, आणि हे जमायला वेळ लागतो.

वीस नंबरच्या सुताला इंचाला साधारण अठरा पीळ लागतात. म्हणजे तुझ्या दोन फुटांच्या एका ओढीत चातीला चारशेहून जास्त फेरे घ्यावे लागतात. एकाच चाकावर हे करायचं तर चाक मोठं हवं आणि जागाही हवी. म्हणून पेटीचरख्यात दोन चाकं असतात. मोठं चाक लहान चाकाला फिरवतं, लहान चाक चातीला, आणि वेग दोनदा वाढतो. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी या रचनेवर डोकं चालवलं म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. कोठडीत मावेल, पेटीसारखा मिटून हातात नेता येईल असा चरखा त्यांना हवा होता. तू त्याला हार घातलास, पण त्याची माळ, म्हणजे चाकावरून चातीकडे जाणारी दोरी, किती सैल झाली आहे ते पाहिलंस का? फोटोत ती लोंबताना मला दिसली. माळ सैल असली की ती चातीवर घसरते, पीळ कमी पडतो, आणि माणूस म्हणतो, माझ्या हाताला जमत नाही. हाताला दोष देण्याआधी माळ ताण, चाती वाकली आहे का ते बघ, आधारांशी तेल दे.

तुझ्या गावी उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट कळेल. मे महिन्यात दुपारी सूत पटापट तुटतं. कोरड्या हवेत कापूस ठिसूळ होतो, ओल मिळाली की बळकट होतो. म्हणून उन्हाळ्यात कातणं पहाटे उरक, खोलीत खाली पाणी शिंपड, खिडकीला ओलं पोतं लाव. बायका बोलावशील तेव्हा कामाच्या वेळाही याच हिशेबाने ठरव. अकरा ते पाच ही पुण्याच्या ऑफिसची वेळ आहे, यवतमाळच्या मे महिन्याची नव्हे.

आता कापसाविषयी. तू लिहिलंस, "आमच्या दारातच पऱ्हाटी आहे, कच्च्या मालाची चिंता नाही." चिंता तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्या हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेपर्यंत होतं, पण कापूस शेतात असणं आणि पेळू हातात असणं यांत बराच पल्ला आहे. बोंडातून कापूस वेचायचा, त्यातली सरकी काढायची, रुई पिंजायची आणि मग तिचे पेळू वळायचे. पिंजण नीट नसेल तर किती का कुशल हात असेना, सूत जाडबारीकच निघणार. आज बहुतेक खादी संस्था तयार पेळू आणतात. खादी आयोगाचे पेळू करणारे कारखाने चित्रदुर्ग, सीहोर, कुट्टूर अशा ठिकाणी आहेत. म्हणजे विदर्भात ढीगभर कापूस, आणि कातायला पेळू मात्र परराज्यातून. हे तुला खटकेल आणि खटकायलाच हवं. पण पहिल्याच वर्षी कापूस ते कुर्ता सगळी साखळी स्वतः उभी करायला जाऊ नकोस. तयार पेळू आण, सूत नीट कर. पिंजणीकडे नंतर वळ.

सूत नीट आहे की नाही हे तू ठरवू नकोस. ते विणकराला ठरवू दे. इतिहास थोडा आठव. नागपूरला १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. अशा गिरण्यांचं सूत बाजारात आलं तेव्हा चरखा बंद पडला, पण हातमाग लगेच बंद पडला नाही. गिरणीचं सूत एकसारखं, ताण्यावर तुटत नाही. कोष्ट्यांनी ते घेतलं आणि माग चालू ठेवले. त्यांनी चरख्याशी दगाबाजी केली असं भाषणात म्हणणाऱ्यांनी एकदा मागावर बसून पाहावं. ताण्याचे दीड हजार धागे लावलेत आणि दर हातभर विणल्यावर कुठला तरी एक तुटतोय, तो शोधा, सांधा, पुन्हा चालू करा. विणकराला मजुरी मिळते ती कापडाच्या मीटरवर, धागे सांधण्यावर नाही. तुझं कच्चं सूत म्हणजे त्याच्या पोटाला चिमटा. म्हणून एका विणकराला सुरुवातीपासून सोबत घे. त्याने "हे बाण्याला चालेल, ताण्याला नको" म्हटलं तर वाद घालू नकोस. आणि हे लक्षात ठेव, की हातमागावर विणलेलं सगळं कापड खादी नसतं. सूतही हाताने कातलेलं हवं, तेव्हा ती खादी. शिवाय २०१३ च्या नियमांप्रमाणे खादी मार्कचं प्रमाणपत्र असल्याशिवाय 'खादी' म्हणून माल विकता येत नाही. पाटी रंगवण्याआधी तो कागद हातात घे.

आता मुख्य गोष्ट, हिशेबाची. वही घेऊन बस.

सुताचा नंबर कसा काढतात ते तुला माहीत असावं. एका पौंडात ८४० यार्डांच्या जेवढ्या गुंड्या बसतात तेवढा नंबर. वीस नंबर म्हणजे पौंडात वीस गुंड्या. आपल्या मापात सांगायचं तर वीस नंबरचं एक किलो सूत जवळजवळ ३४ किलोमीटर लांब भरतं. आता एक मीटर रुंद, एक मीटर लांब कापड धर, इंचाला ताण्याचे चाळीस आणि बाण्याचे चाळीस धागे. त्यात तीन किलोमीटरहून जास्त सूत जातं, आणि विणताना धागा खालीवर वळतो, थोडं वाया जातं, ते मिळवलं की सव्वातीन-साडेतीन किलोमीटर. चरख्यावर चांगला बसलेला हात हजार मीटर सूत कातायला दोन-अडीच तास घेतो. गुण आणि बघ. एक मीटर कापडाचं नुसतं सूत म्हणजे एका बाईचा अख्खा दिवस. कुर्त्याला अडीच मीटर लागलं तर तिचे अडीच दिवस. यात पिंजणी, विणाई, धुलाई, रंग, शिलाई, पुण्याच्या दुकानाचं भाडं, यातलं काहीच धरलेलं नाही.

तुझ्या गावात निंदणीला किंवा वेचणीला बाईला दिवसाची मजुरी किती मिळते ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे. तो आकडा अडीचने गुण आणि कुर्त्याच्या किमतीत सर्वांत वर लिही. मग ठरव, कुर्ता केवढ्याला विकायचा आणि तो घेणारं गिऱ्हाईक तुझ्याकडे आहे का. नसेल तर दोनच वाटा राहतात. कुर्ता महाग कर किंवा केंद्र काढू नकोस. तिसरी वाट फार लोकांनी काढली, बाईची मजुरी कमी करायची आणि तिला "घरबसल्या चार पैसे" असं गोड नाव द्यायचं. ती वाट तू घेतलीस तर माझ्या दारात खादीचा कुर्ता घालून येऊ नकोस.

हा प्रश्न काही तुझ्यामाझ्यापासून सुरू झालेला नाही. आपल्या वर्ध्याजवळच्या नालवाडीला विनोबा दिवसाचे आठ-आठ तास कातत बसायचे आणि कातणाऱ्याला मिळते तेवढ्याच मजुरीत स्वतःचा निर्वाह करून पाहायचे. त्याला मी तपश्चर्या वगैरे म्हणणार नाही. ती तपासणी होती. ज्या दराने आपण बायकांना पैसे देतो त्या दरावर माणूस जगतो का, हे त्यांनी स्वतःच्या ताटावर तपासलं. १९३५ साली गांधीजींनी खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघापुढे हाच विषय मांडला, की कातणाऱ्याला पोट भरेल अशी मजुरी द्या. आठ तासांना आठ आणे हा आकडा त्यांच्या मनात होता. खादी महागेल, खप बसेल, असे आक्षेप आले, आणि प्रत्यक्षात संघाला आठ आण्यांच्या बऱ्याच खाली थांबावं लागलं. पण मजुरीला तळ हवा, बाजार म्हणेल त्या दराने कातून घ्यायचं नाही, हे तेव्हा ठरलं. तुझ्या केंद्राची नियमावली लिहिशील तेव्हा पहिलं कलम हे असू दे.

"मग अंबर घेऊ का?" असं तू विचारशीलच. विचारणं बरोबर आहे. पेटीचरख्याला चाती एक. अंबर चरखा तामिळनाडूच्या एकंबरनाथ यांनी बांधला, आणि त्यात गिरणीच्या यंत्राचंच तत्त्व लहान करून आणलेलं आहे. रुळांमधून पेळू आपोआप ओढला जातो, एका दांड्यावर अनेक चात्या फिरतात. १९५५ च्या कर्वे समितीने, म्हणजे आपल्या पुण्याच्या प्रा. द. गो. कर्व्यांच्या समितीने, त्याची बाजू घेतली होती. आता सहा-आठ चात्यांचे नवे नमुने संस्थांमधून चालतात. मजुरीसाठी कातायचं असेल तर त्यातलाच एक घे. पेटीचरखा शिकायला, स्वतःच्या कपड्यापुरतं कातायला आणि प्रवासात न्यायला उत्तम. त्याच्यावर गावातल्या बाईचा संसार चालवायला जाऊ नकोस. कोणी म्हणालं की अनेक चात्यांचा चरखा हा "खरा" चरखा नव्हे, तर त्याला सांग की चरखा सुधारावा म्हणून चरखा संघानेच १९२९ साली एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अट अशी की यंत्र खेड्यातल्या घरात हातापायाने चालावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि दुरुस्तीचा खर्च आवाक्यात राहावा. किर्लोस्करवाडीपर्यंत लोक त्या खटपटीत होते, तरी सगळ्या अटी पुऱ्या करून ते बक्षीस कोणी नेलं नाही. तू चरखा घेताना त्याच अटींनी घे. बिघडला तर गावचा सुतार-लोहार दुरुस्त करील का? सुटे भाग वर्ध्याला किंवा नागपूरला मिळतील का? मिळत नसतील तर फुकट दिला तरी नको म्हण. अनुदानात आलेले, एका बेअरिंगपायी बंद पडलेले चरखे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यावर पापड वाळत असतात.

आता बायकांशी वागण्याबद्दल. त्यांना उपदेश करू नकोस. (मी तुला करते आहे, ते वेगळं, आत्याला तेवढा हक्क असतो.) बाईला चरख्यावरून उपदेश करायची खोड जुनीच आहे. आपल्या देशात चरख्याचा जुन्यात जुना स्पष्ट उल्लेख १३५० सालच्या 'फुतूह-उस-सलातीन' या फार्सी ग्रंथात सापडतो, असं इतिहासकार सांगतात. तो लिहिणारा इसामी, महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली तेव्हा तरुण वयात दौलताबादेला आलेला, पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाला राहिलेला. आणि उल्लेख कुठल्या संदर्भात? रझिया सुलतानाच्या. बाईने तख्तावर बसू नये, चरखा घेऊन घरात बसावं, हा त्याचा सल्ला. म्हणजे चरखा आपल्याला कागदावर पहिल्यांदा दिसतो तोच मुळी बाईला गप्प बसवण्यासाठी पुढे केलेला.

सहाशे-सातशे वर्षांत तो सूर पुरता गेला असं समजू नकोस. तुझ्याही पत्रात "बायकांना फावल्या वेळात विरंगुळा" असं वाक्य आहे. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या बाईला फावला वेळ कुठला गं? तिला विरंगुळा नको, काम हवं आहे, सावलीतलं, ठरल्या दिवशी पैसे देणारं. म्हणून तिला केंद्रात पगारी शिकव. शिकताना तिचं सूत विकण्याजोगं नसेल, तरी तिचा दिवस जातोच. त्या दिवसाचे पैसे तू भांडवलात धर. गुंड्या मोजायला, नंबर काढायला, वजन करायला तिलाच शिकव. गुंडी करायच्या फाळक्यावरची मोजणी जिच्या हातात, तिला कोणी फसवू शकत नाही. हिशेबाची वही मराठीत ठेव आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेव. आणि मागाची, विक्रीची, किंमत ठरवण्याची चर्चा होईल तेव्हा त्यांना चरख्यावरून उठवून त्या बैठकीत बसव. इसामीला एवढं उत्तर पुरे.

विक्रीत एक मोह टाळ. "बापूंचा धागा", "मनःशांतीचं सूत" असल्या पाट्या लावू नकोस. पुण्यात खपतील, मला माहीत आहे. पण प्रतीकावर विकलेलं प्रतीकाबरोबरच पडतं. तिरंगा खादीचाच असायचा, त्या नियमाच्या आधारावर नांदेडसारख्या ठिकाणी झेंडे तयार करणाऱ्यांना काम मिळायचं. २०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली, यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचं कापडही चालू लागलं, आणि त्या कामावर एका कागदाने टाच आली. तुझं कापड घेणाऱ्याने ते हाताला लागतं म्हणून घ्यावं. हातकताईच्या सुतात पीळ जरा कमीजास्त असतो, त्यामुळे ते अंगाला चिकटत नाही, घाम टिपतं, दर धुण्याला मऊ होतं. गिऱ्हाइकाला हे सांग, कापड हातात दे, कातणाऱ्या बाईला त्यातले किती रुपये गेले तेही सांग. पुण्याचा माणूस भाव करतो हे खरं, पण हिशेब समोर ठेवला तर तो समजून घेणाराही असतो.

केंद्राच्या उद्घाटनाची पत्रिका इतक्यात छापू नकोस. आधी स्वतःच्या एका कुर्त्याचं सूत स्वतः कात. रोज किती वेळ बसलीस, किती तुटलं, कोणता नंबर आला, सगळं वहीत लिही. ते सूत विणकराकडे ने, तो काय बोलतो तेही लिही. कुर्ता शिवून झाला की सगळे तास एकत्र कर, गावच्या मजुरीच्या दराने गुण, आणि आलेल्या आकड्याला तो कुर्ता तू स्वतः विकत घेतला असतास का, याचं खरं उत्तर शेवटच्या पानावर लिही. 'हो' असेल तर वही घेऊन वर्ध्याला ये. गोपुरीत ग्रामसेवा मंडळाकडे जाऊ, मगन संग्रहालयात वेगवेगळ्या बनावटीचे चरखे ठेवलेत ते पाहू, आणि तुझ्या केंद्राला कुठला घ्यायचा ते तिथेच बसून ठरवू. 'नाही' असेल तरी ये; मग दुसरा एखादा धंदा शोधू, गावात कामं काही कमी नाहीत.

येताना सुताचा नमुना आण, निदान एक गुंडी. कुकडीवरचं सूत दाखवून मला फसवता येणार नाही, उलगडून बघणार आहे.

जावईबापूंना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
आत्या